सहा म्हणजे शून्य

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे अधीक्षकसाहेब, माझ्या डाव्या हाताला बसलेले शल्यचिकित्सक डॉक्टर, माझ्या उजव्या हाताची रिकामी खुर्ची, समोर बसलेल्या परिचारिका, तंत्रज्ञ, धुलाई विभागापासून क्ष-किरण विभागापर्यंतचे सर्व कर्मचारी, त्यांच्यासोबत आलेली घरची मंडळी, आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

घड्याळाला संबोधन करण्याची रीत नाही, हे मला माहीत आहे. पण पुढची काही मिनिटं मी तुमच्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघणार आहे. मग त्याला वगळणं बरं दिसलं नसतं.

रिकाम्या खुर्चीचा खुलासा आधी करतो. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो, त्या बाई मघापर्यंत या खुर्चीत होत्या. अकराला पाच कमी असताना साहेब म्हणत होते, "बाईंनी एकतीस वर्षं कर्तव्यापुढे कशाचीही तमा बाळगली नाही." त्या वाक्याचा पूर्णविराम पडायच्या आत बाई उठल्या आणि सभागृहाबाहेर गेल्या. वक्त्याच्या विधानाला इतका ताबडतोब पुरावा मिळालेला मी तरी पाहिला नाही.

त्या तळमजल्यावर, त्यांच्या लॅबमध्ये गेल्या आहेत. तिथे एक प्लेट अकरा वाजता अठरा तासांची होते, आणि ती त्यांना वाचायची आहे. ती प्लेट माझ्या बायकोची आहे.

तुमच्यापैकी निम्म्यांना हे ठाऊक आहे. उरलेल्यांसाठी सांगतो. माझी बायको याच इमारतीत, आपल्या डोक्यावर दोन मजले, काचेच्या दाराआड नऊ दिवस आहे. बारापर्यंत तिथे कोणाला सोडत नाहीत. म्हणून मी इथे आहे. भाषण करायचं कबूल केलं ते महिन्यापूर्वी, तेव्हा ती ठणठणीत होती आणि भाषणाचा मसुदा तीच तपासणार होती. तो मसुदा माझ्या खिशात आहे. त्यात बाईंना 'ज्ञानदीप' वगैरे म्हटलंय. तो मी वाचणार नाही. तिने तपासला असता तरी तो शब्द उरला नसताच.

साहेबांनी मघाशी मला एक चिठ्ठी सरकवली. तीवर लिहिलंय, 'बाई येईपर्यंत ताणा.' बावीस वर्षं मी बातमीदार आहे. या बावीस वर्षांत मला वरून एकच आज्ञा होत आली: कापा. माझं लेखन ताणावं असं वाटणारा पहिला माणूस आयुष्यात भेटला, तो आज भेटला.

तर ताणतो.   

बाईंना इथे कोणी त्यांच्या नावाने हाक मारत नाही. सगळे त्यांना मिलिमीटरबाई म्हणतात, आणि हे नाव त्यांनी कमावलेलं आहे. चिमूटभर, वीतभर, जरासं हे शब्द त्यांच्या कोशात नाहीत. परिचारिका विचारते, "बाई, अर्धा कप चहा?" बाई विचारतात, "कुठला कप?" आज या पडद्यावर जो फलक लावलाय, तो डावीकडे चार मिलिमीटर उतरलाय असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं. मी पाहिलं. मला सरळ दिसला. मग मोजला. मोजायला नको होता.

आता ज्यांच्या घरचं माणूस लॅबमध्ये नाही त्यांच्यासाठी ही प्लेट म्हणजे काय ते सांगतो. जाणकारांनी तोवर माझ्या चुका मोजाव्यात. बशीएवढी, झाकणाची, चपटी डबी. तिच्यात घट्ट खळीसारखा थर. त्या थरावर रुग्णाच्या जखमेतले किंवा रक्तातले जंतू एकसारखे लिंपायचे. मग त्यावर कागदाच्या बारीक गोल चकत्या ठेवायच्या, सदऱ्याच्या बटणापेक्षा लहान. प्रत्येक चकती वेगळ्या औषधात भिजवलेली. झाकण लावायचं, उबेत ठेवायचं आणि थांबायचं. दुसऱ्या दिवशी थरावर जंतूंचं मळकट दाट गवत उगवलेलं असतं. जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती गवत उगवत नाही. स्वच्छ वर्तुळ दिसतं, अंगणात कोणी गोल झाडून काढल्यासारखं. बाई पट्टी घेऊन त्या वर्तुळाची रुंदी मोजतात. बस, इतकंच. अठरा तास म्हणजे अठरा तास. डॉक्टर दाराशी उभे राहोत नाहीतर खुद्द साहेब, बाई सतराव्या तासाला झाकण उघडत नाहीत. म्हणतात, "कच्चं वाचलं की खोटं वाचलं."

या बाईंची न् माझी ओळख माझ्या एका चुकीतून झाली. तेव्हा मी नवखा होतो, आणि शाळा-महाविद्यालयात संस्कृत घेतल्याची मस्ती अंगात होती. या लॅबचा एक अहवाल माझ्या हाती लागला. त्यात एका जंतूपुढे लिहिलं होतं, 'संवेदनशील'. मी धातू, प्रत्यय, उपसर्ग सगळं मनात लावून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी दिली: रुग्णालयात अत्यंत संवेदनशील जंतू आढळला, नातेवाइकांत चिंता. चिंता नव्हती, बातमी वाचून झाली. दुपारपर्यंत सात जण आपापली माणसं घेऊन घरी गेले.

चार वाजता एक बाई हातात पट्टी घेऊन आमच्या कार्यालयात आल्या.

"बातमीदार कोण?"

मी उभा राहिलो.

"संस्कृत शिकलायत म्हणे?"

"हो, पदवीपर्यंत."

"वाया गेलं. अहो, संवेदनशील म्हणजे औषधाने मरतो तो! जंतू मरतोय ही आनंदाची बातमी, आणि तुम्ही माणसं पळवून लावलीत? तुम्हाला काय वाटलं संवेदनशील म्हणजे?"

मी खरं ते सांगितलं. "मला वाटलं, लवकर चिडणारा. आमच्या संपादकांसारखा."

आमचे संपादक मागेच उभे होते. पण ती वेगळी गोष्ट.

माझी बायको त्याच वर्तमानपत्रात मुद्रितशोधक. त्या दिवशी ती रजेवर होती, नाहीतर ही चूक छापखान्यापर्यंत गेलीच नसती. संध्याकाळी तिला सगळं कळल्यावर ती म्हणाली, "ज्या बाईने तुमची चूक माझ्याआधी पकडली, तिला जेवायला बोलवा." बाई आल्या. त्या दोघी त्या दिवसापासून मैत्रिणी आहेत आणि मी त्यांचा सामाईक विषय आहे. एकोणीस वर्षं झाली. तेव्हा खाली जी प्लेट वाचली जाते आहे, ती नुसत्या एका रुग्णाची नाही. बाईंनी काल ती स्वतः लिंपली. हात थरथरला का, असं मी विचारलं. "हात थरथरला तर थर फाटतो," म्हणाल्या.

दार वाजलं का? नाही. ट्रॉली गेली. चालू द्या.

बाईंकडे एक जाड वही आहे. एकतीस वर्षांची वर्तुळं त्यात आहेत. काही वर्षांपूर्वी लेखासाठी मी ती चाळायला घेतली. एका औषधाचं पान काढलं. पहिल्या वर्षी अठ्ठावीस. पाच-सहा वर्षांनी चोवीस. मग एकोणीस. मग अकरा. मग सहा. मी दुसरं औषध काढलं, नवं, महागडं, मोठ्या गाजावाजाने आलेलं. तीस, सव्वीस, सतरा, सहा. शत्रू चोरपावलांनी येतो म्हणतात; हा मिलिमीटरने आला होता, दिवसाढवळ्या, आणि एक बाई पट्टी घेऊन त्याचं येणं लिहून ठेवत होत्या. मी त्यांना म्हटलं, "बाई, इतके हुशार कसे हो झाले हे जंतू?"

"हुशार नाहीत," त्या म्हणाल्या. "एकालाही अक्कल नाही. कोटी असतात. त्यांत एखादा चुकून वेगळा जन्मतो. नक्कल उतरताना अक्षर चुकतं ना, तसं. एरवी ती चूक त्याला जडच होते. पण तुम्ही औषध टाकलंत की बाकीचे मरतात, तो एकटा उरतो. आणि मोकळं रान मिळतं. वीस मिनिटांत दोन, चाळीस मिनिटांत चार. उद्या सकाळी सगळे तसलेच."

वीस मिनिटांत एक पिढी. साहेबांनी मला जितकं ताणायला सांगितलंय, तितक्यात त्यांच्यातला एक आजोबा होतो.

मला तेव्हा व्याकरण आठवलं. संस्कृतात सर्वसाधारण नियमाला उत्सर्ग म्हणतात आणि त्यातून सुटलेल्याला अपवाद. जिथे अपवाद लागू होतो तिथे नियमाचं काही चालत नाही, असं आमचे गुरुजी शिकवायचे, आणि आम्ही माना डोलवायचो. वाटायचं, वैयाकरणांच्या गमती आहेत. बाईंच्या वहीत मी पहिल्यांदा पाहिलं की अपवाद हा काय प्रकार असतो. नियम मरून जातो आणि अपवादाला पोरंबाळं होतात. चार दिवसांनी तोच नियम असतो, आणि त्याच्यातून पुढचा अपवाद जन्माला यायला मोकळा.

आणि गुंतागुंत किती! एकाने दाराचं कुलूप बदललं, औषध आतच शिरेना. दुसऱ्याने आत पंप बसवला, आलेलं औषध उपसून बाहेर. तिसऱ्याकडे औषधाचेच तुकडे करणारी कात्री. हे सगळं कोणी शिकवलेलं नाही, चुकांतून साठत आलेलं. वर ही विद्या ते एकमेकांना देतात. परीक्षेच्या वर्गात चिठ्ठ्या फिरतात तशा. ज्याला चिठ्ठी दिली तो ना नात्याचा ना गोत्याचा, दुसऱ्याच कुळातला. पण पर्यवेक्षक कोणी नाही, मग काय! पाच पिढ्यांनी शोधलेलं उत्तर शेजारच्याला आयतं मिळतं.

लोक म्हणतात, निसर्गाची योजना बघा. हे कोणी योजलेलं असतं तर मला बरं वाटलं असतं. योजणारा असला की त्याच्याकडे गाऱ्हाणं नेता येतं, विनवणी करता येते, दोन शब्द सुनावता येतात. इथे समोर कोणीच नाही. तिचं वाईट व्हावं अशी कोणाचीही इच्छा नाही. इच्छा नसताना हे होतं आहे, याची मला सर्वांत जास्त भीती वाटते.

जरा पाणी मिळेल का? थँक्यू, सिस्टर.

पित्ताशयात खडे होते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया उत्तम केली; ते शेजारी बसलेत म्हणून म्हणत नाही. चौथ्या दिवशी ताप आला. जखम आतून चिघळली, मग जंतू रक्तात उतरले. एक औषध दिलं, दुसरं दिलं. परवा बाईंनी तिच्या जंतूंची प्लेट लावली, छापील यादीतल्या अकराच्या अकरा चकत्यांची. काल अकराला ती वाचली. अहवाल डॉक्टरांकडे गेला आणि मी डॉक्टरांच्या टेबलावर उलट्या बाजूने वाचला; उलटं वाचणं हा आमच्या धंद्याचा गुण. अकरा औषधं, आणि प्रत्येकापुढे सहा. सहा, सहा, सहा.

मला हायसं वाटलं, मंडळी. खरंच सांगतो. मी म्हटलं, फार नाही, पण सहा तरी आहे. कुठेच शून्य नाही!

बारा वाजता आत सोडलं. ती जागी होती. ओठ सुकलेले, पण डोळे तेच, चूक शोधणारे.

"काय म्हणतायत?" तिने विचारलं.

"सगळीकडे सहा आहे," मी म्हटलं.

"दहापैकी?"

"असेल."

"मग पास," ती म्हणाली. "काठावर का होईना."

आणि हसली. तिला हसल्यावर दुखलं, तरी हसली. मी तिचा हात थोपटून बाहेर आलो, जिन्यात बाई भेटल्या, आणि मी शहाण्यासारखं त्यांना सांगितलं की बरं झालं, सगळ्यांना सहा-सहा तरी मिळाले.

 बाई मला लॅबमध्ये घेऊन गेल्या. एक कोरी चकती काढली, पट्टीवर ठेवली.

"किती आहे?"

"सहा," मी म्हटलं.

"ही चकतीची रुंदी. भोवती काहीच मोकळं झालं नाही की आम्ही चकतीच मोजतो. आमच्याकडे शून्य लिहीत नाहीत, बातमीदार. सहा म्हणजे शून्य."

एकतीस वर्षं त्या खोलीत असंच लिहितात, आणि त्या खोलीतल्या सगळ्यांना ते कळतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, सहा आहे. वहीतली ती पानं मी किती वेळा उलटली होती! सव्वीस, सतरा, सहा. मला वाटत होतं, अजून थोडं शिल्लक आहे. आणि मी तेच बायकोला सांगून आलो होतो, तिला हसवून आलो होतो. मी तिथल्या स्टुलावर बसलो. बाईंनी मला पाणी दिलं नाही, धीरही दिला नाही. त्या शीतकपाट उघडून काहीतरी शोधत होत्या.

इथे मला अध्यक्षांची थोडी चेष्टा करायची आहे. साहेब, रागावू नका. आज तुम्हीच ताणायला सांगितलंय.

दर वर्षी लॅबकडून सामानाची यादी साहेबांकडे जाते. दर वर्षी तीत शेवटी एका जुन्या औषधाच्या चकत्या असतात. ते औषध आमच्या लहानपणी वापरायचे. मूत्रपिंडांना जड पडतं म्हणून मागे पडलं, मग लोक विसरले. साहेब दर वर्षी ती ओळ खोडतात आणि बाई दर वर्षी खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, ती पुन्हा लिहितात. एकदा मी समोर होतो.

"बाई, हे कशाला? कोण वापरतं हे?" साहेब म्हणाले.

"कोणी वापरत नाही, म्हणूनच," बाई म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"साहेब, पंप चालवायला खर्च येतो. कुलूप बाळगायला खर्च येतो. ज्या औषधाशी गाठच पडत नाही, त्याच्यासाठी ढाल वागवत कोण धावणार? ज्याने टाकली तो हलका, तो पुढे. आपण विसरलो की तेही विसरतात. सगळेच नाही. पण बघत राहायला नको का?"

मला हे लगेच पटलं. माझ्या संस्कृतचं तसंच झालंय. साहेबांना पटलं की ते कंटाळले, हे मला सांगता येणार नाही. पण त्यांनी सही केली. त्या सहीबद्दल आज या माइकवरून मी त्यांचे आभार मानतो. खोडलेली ओळ परत लिहिणारी माणसं जगात थोडी असतात. खोडलेल्या ओळीवर सही करणारी त्याहून थोडी.

काल बाईंनी तिचे जंतू पुन्हा ताजे वाढवले आणि पाच वाजता नव्या प्लेटवर मधोमध ती एक चकती ठेवली. डॉक्टरांनी दुपारीच माणूस पाठवून शेजारच्या शहरातून त्या औषधाच्या चार कुप्या आणवल्या. त्या वर, फ्रिजमध्ये आहेत. मी काल म्हटलं, डॉक्टर, द्या की मग, वाट कसली बघताय? ते म्हणाले, "तिची मूत्रपिंडं आधीच दमलीत. हे औषध त्यांच्यावर ओझं आहे. लागू पडणार असेल तर मी ते ओझं टाकीन. अंदाजाने टाकणार नाही." बरोबर आहे. मला ते बरोबर आहे हे कळतं. कळतं आणि तरी मी काल घरी जाऊन तिच्या चष्म्याची पेटी हातात घेऊन बसलो होतो, दिवा लावायचं सुचलं नाही.

अकरा वाजून चौदा मिनिटं.

एक वर्तुळ मोजायला किती वेळ लागतो? पट्टी ठेवायची, वाचायचं. पंधरा सेकंद. मी त्यांना शेकडो वेळा पाहिलंय. आज चौदा मिनिटं झाली. मी इथे उभा राहून विनोद करतोय आणि माझं अर्धं डोकं तेवढाच हिशेब करतंय: सहा असतं तर त्या लगेच आल्या असत्या का? की सहा असेल तर वर यायला पाय उचलत नसेल? मंडळी, तुमच्यापैकी अनेकांनी आयुष्यभर असे नातेवाईक दारात उभे केलेत. 'थांबा, कळवतो' म्हणालात. मी तक्रार करत नाही. फक्त एकदा सांगून ठेवतो की दाराच्या या बाजूला फार भीती वाटते. माणूस बोलत राहतो, कारण गप्प बसलं तर ती भीती ऐकू येईल.

बाईंचे दोष सांगायचे राहिले. निरोपाच्या भाषणात दोष सांगत नाहीत, म्हणून ते कोणाला कधीच कळत नाहीत. एक, बाई खोटा धीर देत नाहीत. दोन, खरा धीरही...

आल्या.

बाई आल्या. टाळ्या नकोत, कृपा करा. कोणीही टाळ्या वाजवू नका.

बाई, इकडे... नाही. त्या माझ्यासमोरून गेल्या. डॉक्टरांना कागद दाखवताहेत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नियम आहे तो: अहवाल आधी डॉक्टरांना, नातेवाइकांना नाही. या शिस्तीची मी एका लेखात मुक्तकंठाने स्तुती केली होती. त्या लेखातलं प्रत्येक विशेषण मी मागे घेतो.

डॉक्टर उठले. डॉक्टर... बरं. बाहेर गेले. दार उघडं आहे, मला इथून दिसतंय. लिफ्टचं बटण त्यांनी दाबलं. लिफ्ट आली नाही. ते थांबले नाहीत. जिन्याने गेले, दोन-दोन पायऱ्या घेत, या वयात.

ज्याच्या हातात द्यायला काहीच नसतं, तो माणूस लिफ्टची वाट बघतो. हो ना? साहेब, तुम्ही मान हलवलीत. ती मला उद्देशून होती की सवयीने?

बाई, मला विचारता येत नाही आणि तुम्हाला सांगता येत नाही. पण तुमचे साहेब इथेच बसलेत.

साहेब म्हणताहेत, सांगा.

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल. बाई माइकला हात लावत नाहीत. मी सांगतो. त्या म्हणाल्या, "सतरा."

सतरा.

थांबा. बाई बोलताहेत. त्या म्हणताहेत, पंधराच्या वर म्हणजे चालतं. म्हणून डॉक्टर गेले, पहिली कुपी लावायला. आणि त्या म्हणताहेत... बाई, पुन्हा सांगा, माझ्या कानांचं आज खरं नाही. वर्तुळाच्या आत, स्वच्छ जागेत, दोन ठिपके आहेत. टाचणीच्या टोकाएवढे. वाढलेले. म्हणजे जिवंत.

दोन.

म्हणून उशीर झाला. मोजायला पंधरा सेकंदच लागले. बाकीचा वेळ त्या दोन ठिपक्यांकडे बघण्यात गेला, आणि त्यांतला एक उचलून त्याची वेगळी वाढ लावण्यात. त्याला कोणतं औषध चालेल ते आजपासूनच शोधायचं. ते काम लॅबमधल्या त्यांच्या मदतनीस धाकट्या बाईंच्या हाती देऊन त्या वर आल्या. त्याची पहिली वाढ उद्या पहाटे दिसेल.

"बाई," मी विचारतो, "म्हणजे नेमकं काय समजायचं?"

मी तुमच्यासाठी त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगतो. "औषध आज चालेल. उद्याही चालेल. त्याच्या भरवशावर आठवडा काढता येणार नाही. ते दोन वाढायच्या आत तिच्या अंगात जोर यायला हवा. बाकी मला माहीत नाही."

कळलं. दोष क्रमांक एक अजून शाबूत आहे.

बारा वाजता मी तिला भेटेन. कालचं खोटं आधी दुरुस्त करीन. तिला सतरा सांगेन, आणि दोन ठिपकेही सांगेन. लपवले तर ती माझ्या तोंडावर वाचेल, आणि तापात असलेल्या माणसाला मुद्रितं तपासायला लावणं बरं नाही. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. कदाचित काहीच म्हणणार नाही. मला आत्ता तिचा आवाज हवा आहे, तो काहीही म्हणो.

आता आवरतं घेतो. बाई, या खुर्चीत बसा. तुमच्याबद्दल जे बोलायचं म्हणून मी उभा होतो, त्यातलं निम्मं बोललो नाही, आणि जे बोललो ते तुम्ही ऐकायला नव्हता. तुमच्या वहीबद्दल, खोडलेल्या ओळीबद्दल, आणि काल माझ्यावर धीराचे शब्द वाया न घालवता चकती शोधायला उठलात त्याबद्दल, तुमचे आभार. साहेबांचे, डॉक्टरांचे, पाणी देणाऱ्या सिस्टरांचे आभार. भ्यालेल्या माणसाची बडबड तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ एकाही खोकल्याशिवाय ऐकून घेतलीत, त्याबद्दल तुमचे सर्वांत जास्त.

बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, एखादा शब्द चुकीच्या अर्थाने गेला असेल, तर पोटात घाला. आज माझं लिहिलेलं तपासणारं माणूस हजर नव्हतं.

साहेब, मानपत्र तुम्हीच वाचा. मला परवानगी द्या. बारा वाजायला अवकाश आहे, काचेच्या दारातून मला आत घेणार नाहीत, ते ठाऊक आहे. मी बाहेर उभा राहतो.